अडीच वर्षांच्या मुलाला थॉमस इंजिनाचं वेड – किती मनावर घ्यावं?

निळीजाई | ३ जुलै, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. आज घरात यावरून बोलाचाली झाली, म्हणून लिहायलाच बसले.

माझा मुलगा २ वर्षं ७ महिन्यांचा आहे. आम्ही ठाण्यात माजिवड्याला राहतो. घरात मी, नवरा आणि सासू-सासरे. मार्चमध्ये पिल्लूला छातीत कफ झाला होता आणि दिवसातून तीन वेळा नेब्युलायझर (मास्कमधून औषधाची वाफ देणारं यंत्र) लावायला सांगितलं होतं. मास्क बघितला की तो हातपाय झाडायचा. नवऱ्यानं एका दुपारी मोबाइलवर थॉमस (बोलणाऱ्या इंजिनांची इंग्रजी मुलांची मालिका) लावून दिला. निळं इंजिन, गोल पांढुरकं तोंड, वर धुराडं. पिल्लू एकदम गप्प. मास्कमधून वाफ येतेय, समोर इंजिनातून वाफ येतेय, आणि हा डोळे मोठे करून बघतोय. त्या आठवड्यात औषध नीट गेलं, आम्हाला हायसं वाटलं.

कफ गेला, थॉमस राहिला.

सकाळी डोळे उघडले की पहिला शब्द 'तोमा'. अंगात निळाच टीशर्ट हवा. तसे दोन आहेत, आणि या पावसात वाळत नाहीत. मी रात्री धुऊन पंख्याखाली टाकते आणि सकाळी दमट असताना इस्त्री फिरवते. जेवताना खजुराचे तुकडे म्हणजे कोळसा. 'कोळसा टाक' म्हटलं तरच तोंड उघडतो. सोफ्याच्या उश्या ओळीनं लावतो. आजीनं 'अ‍ॅनी' व्हायचं, मी 'क्लाराबेल' (हे थॉमसचे दोन डबे आहेत). आम्ही दोघींनी एकमेकींचा पदर-ओढणी धरून त्याच्या मागून स्वयंपाकघरापर्यंत जायचं. आजोबा साहेब, त्यांनी खुर्चीत बसून हिरवा रुमाल दाखवायचा. सासूबाईंचे गुडघे दुखतात, तरी त्या रोज संध्याकाळी दोन फेऱ्या करतात.

इथवर सगळं गोड आहे. पण गेल्या आठवड्यात त्याच्या मुठीतलं छोटं इंजिन रिक्षातून कुठेतरी पडलं, तर रात्री एक वाजेपर्यंत रडला. शेवटी उलटी झाली. स्क्रीन रोज दीड ते दोन तास होतोय, हे मला मान्य आहे. एकच भाग पाच-पाच वेळा लावायला लावतो. मराठीत दोन-तीन शब्द जोडून बोलतो, पण खेळताना 'लुक आउट' आणि 'ओह नो' हेच जास्त ऐकू येतं. आणि काल प्लेग्रुपच्या ताईंनी दारातच सांगितलं, बाकी आयांच्या समोर, की 'याला दुसऱ्या कशात रसच नाही, एकदा कुठे दाखवून घ्या'. मी रस्ताभर रडत आले.

सासूबाई म्हणतात मोबाइल बंद करा. सासरे म्हणतात लहान आहे, सुटेल. नवरा म्हणतो तूच ठरव. ज्यांच्या घरी हे झालंय त्यांनी कृपया सांगा. सुटतं का हे? सोडवावं का?

---

ऐरोलीकर | ३ जुलै, रात्री ११:५२

आमच्याकडे पेप्पा होती, कार्टूनमधलं डबक्यात उड्या मारणारं डुकराचं पिल्लू. लेक तीन वर्षांची. पावसाळ्यात सोसायटीच्या आवारात एक डबकं सोडलं नाही तिनं. सात-आठ महिने टिकलं. मग गणपती आले, आणि मखरातल्या उंदरावर जीव जडला. विसर्जनाला उंदीर द्यायचा नाही म्हणून हट्ट. तो मातीचा उंदीर अजून आमच्या शोकेसमध्ये आहे. सुटतं हो. एक उपयोगाची गोष्ट सांगतो : पेप्पाचा एक भाग साधारण पाच मिनिटांचा असतो. 'दोन भाग' असं आधी ठरवलं आणि भाग पूर्ण संपल्यावर बंद केलं, तर रडणं कमी. गोष्ट मध्येच तोडली की आकांत.

---

सोनटक्का | ४ जुलै, सकाळी ७:१०

मी स्पष्ट लिहिते, राग मानू नका. दोन तास फार होतात. आमच्या मुलाचं असंच होतं, फक्त पात्र वेगळं. एका शनिवारी सकाळी मोबाइलमधून ॲपच काढून टाकलं. तीन दिवस घर डोक्यावर घेतलं, चौथ्या दिवशी डबे-वाट्या घेऊन खेळायला लागला. आजी-आजोबांनी मधेच फोन दिला असता तर सगळं फुकट गेलं असतं, म्हणून त्यांनाही आधी बसवून सांगितलं. प्लेग्रुपच्या बाईंनी चारचौघांत बोलायला नको होतं. पण त्या म्हणाल्या तर दाखवून घ्या. नुसतं 'लहान आहे' म्हणत बसण्यात दिवस जातात.

---

भातुकली | ४ जुलै, सकाळी ९:३४

वाचतेय. आमच्याकडे छोटा भीम. लाडू खाल्ला की ताकद येते म्हणून दिवसाला चार रव्याचे लाडू मागतो. मलाही उत्तरं हवी आहेत.

---

पानगळ | ४ जुलै, दुपारी २:१५

निळीजाई, मी वाशीला स्पीच थेरपिस्ट म्हणून काम करते. धाग्यावर वाचून कोणाही मुलाबद्दल निदान करता येत नाही आणि मी करणारही नाही. पण तुम्ही रस्ताभर रडत आलात हे वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी वेडाबद्दल. या वयात एखाद्याच गोष्टीत जीव अडकणं अजिबात दुर्मीळ नाही. जुडी डीलोश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली यावर अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात जवळजवळ एक तृतीयांश मुलांना लहानपणी अशी एखादी जबरदस्त ओढ होती असं आढळलं. मुलग्यांमध्ये प्रमाण जास्त, आणि आगगाड्या, मोटारी, डायनासोर हे नेहमीचे मानकरी. म्हणजे नुसत्या आगगाडीच्या प्रेमावरून कोणी काही ठरवत असेल तर ते चूक आहे.

तुम्ही जे लिहिलंत त्यातलं मला सगळ्यात जास्त काय आवडलं सांगू? खजुराचा कोळसा, आजी अ‍ॅनी, आजोबांचा हिरवा रुमाल. एक वस्तू दुसरी आहे असं समजून खेळणं, घरातल्या माणसांना भूमिका वाटून देणं, तुमच्याशिवाय खेळ पूर्ण न होणं. मुलगा समोर आला की आम्ही हेच शोधत असतो. काळजी वाटते ती वेगळी चित्रं पाहून. मूल तासन्‌तास फक्त चाक फिरवत बसतं, हाक मारली तर वळत नाही, आवडलेली गोष्ट बोटानं दाखवून 'बघ' असं कोणाला सांगत नाही, आनंद झाला की आईच्या तोंडाकडे बघत नाही, आधी येणारे शब्द गळायला लागतात. यातलं काही दिसत असेल तर वाट बघू नका. दिसत नसेल तरीही बालरोगतज्ज्ञांना एकदा भेटा आणि कानांची तपासणी सांगून करून घ्या. वारंवार सर्दी-कफ होणाऱ्या मुलांच्या कानात पाणी साठतं, कमी ऐकू येतं, आणि हाक न ऐकणारं मूल 'आपल्याच नादात असतं' असं वाटायला लागतं. असे पालक माझ्याकडे दर महिन्याला येतात.

आता तोच भाग पुन्हा पुन्हा बघण्याबद्दल. आपल्याला कंटाळा येतो, मुलाला येत नाही, कारण प्रत्येक वेळी त्याला थोडं जास्त कळत असतं. अमेरिकेत १९९६ साली 'ब्लूज क्लूज' ही मुलांची मालिका सुरू झाली, तेव्हा एकच भाग सलग पाच दिवस दाखवत. त्यावर संशोधन झालं. पहिल्या दिवशी मुलं गप्प बसून बघत, आणि नंतरच्या दिवसांत पडद्यावरच्या प्रश्नांना मोठमोठ्यानं उत्तरं देत. पुढे काय होणार हे आधीच माहीत असणं, ही अडीच वर्षांच्या जिवाला केवढी मोठी गोष्ट! त्याच्या दिवसातलं बाकी सगळं दुसरेच ठरवत असतात.

स्क्रीनच्या वेळेबाबत सोनटक्कांशी मी सहमत आहे, पद्धतीबाबत पूर्ण नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलंय की दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसात एक तासापेक्षा जास्त नको, जितका कमी तितका बरा. आपल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचंही म्हणणं तेच आहे. पण पडदा कमी करायचा म्हणून थॉमस काढून घेऊ नका. थॉमस त्याचा मित्र आहे. मित्राला मोबाइलमधून बाहेर काढा. आणि भाषा त्याच वाटेनं येईल. 'ओह नो' म्हणाला की तुम्ही म्हणा, 'अरे बापरे, तोमा घसरला! आता कोण उचलणार?' मग थांबा. दहापर्यंत मनात मोजा. आपण फार लवकर उत्तर देऊन टाकतो.

---

निळीजाई | ४ जुलै, रात्री १०:४०

पानगळ, तुमचा प्रतिसाद मी सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. 'बघ' असं तो दिवसातून शंभर वेळा म्हणतो. हाक मारल्यावर मात्र कधी वळतो, कधी नाही. डॉक्टरांची वेळ घेतलीय, कानांचंही सांगणार आहे.

सोनटक्का, राग अजिबात नाही. पण इंजिन हरवलं त्या रात्रीचं त्याचं रडणं मी ऐकलंय. त्याच्याकडून ते मुद्दाम काढून घेणं माझ्याच्यानं होणार नाही.

---

नेरूळची_आजी | ५ जुलै, पहाटे ५:५०

मी सहसा नुसती वाचते. आज लिहिते.

माझ्या मुलाला मोगलीचं वेड होतं. १९९३ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी जंगल बुक लागायचं. तेव्हा आम्ही नेरूळला नवीनच राहायला आलो होतो, आजूबाजूला मोकळी जमीन, पावसात गुडघाभर गवत. हा चार वर्षांचा, लाल चड्डीवर उघडाच हिंडायचा. हातात लाकडी पट्टी. शाळेत शर्ट घालून जायचं म्हणजे रोज युद्ध. जेवण पाटावर नको, जमिनीवर, लांडग्यांसारखं. त्याच्या वडिलांना फार राग यायचा.

पण मुलींनो, एक फरक होता. मोगली आठवड्यातून एकदाच यायचा, अर्धा तास. उरलेले साडेसहा दिवस मोगली त्याला स्वतःच करावा लागायचा. बघीरा कोण, तर शेजारच्यांची काळी मांजर. बल्लू म्हणजे मी. रविवारी काय बघितलं ते तो बुधवारपर्यंत मला सांगत असायचा, आणि गुरुवारपासून पुढच्या रविवारी काय होईल ते. त्याच्या मराठीला धार त्या सांगण्यानं आली. आता नातीला मोबाइलवर हवं तेव्हा हवं ते मिळतं. वेड तेच आहे, पण मधले साडेसहा दिवस गेले. ते दिवस तिला परत कसे द्यायचे, एवढाच विचार मी करत असते. माझ्याकडे येते तेव्हा मी फोन देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवर ठेवते आणि तिला म्हणते, आज काय झालं असेल गं तिथे?

---

ऐरोलीकर | ५ जुलै, सकाळी ८:०२

आजी, 'मधले साडेसहा दिवस' हे बायकोला वाचून दाखवलं. फार पटलं.

---

कळव्याचा_काका | ५ जुलै, दुपारी ४:३०

सौ. निळीजाई, तुमच्या पिल्लूसाठी हे खास लिहितोय. माझी नोकरी कळव्याच्या कारशेडमध्ये गेली. लोकलच्या गाड्या धुणं, तपासणं, दुरुस्त करणं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. नातू थॉमस बघायचा, तेव्हा त्याच्याबरोबर मीही बसून बघितलं. रेल्वेचा माणूस असल्यामुळे हा थॉमस आला कुठून, याची चौकशी केल्याशिवाय मला चैन पडेना.

थॉमसचा जन्म आजाऱ्याच्या खाटेशी झालाय. इंग्लंडमध्ये विल्बर्ट ऑड्री नावाचे एक पाद्री होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांच्या लहान मुलाला गोवर आला. मूल अंथरुणात कंटाळलेलं, मग वडील त्याला इंजिनांच्या गोष्टी सांगायला लागले. मुलाला गोष्टी इतक्या पाठ की एक शब्द इकडचा तिकडे झाला तर तो वडिलांना टोकायचा. म्हणून त्या कागदावर उतरवल्या. पहिलं पुस्तक १९४५ साली निघालं, थॉमस आला दुसऱ्या पुस्तकात, १९४६ मध्ये. त्याआधी वडिलांनी मुलासाठी लाकडाचं इंजिन स्वतः बनवलं होतं. टीव्हीवर १९८४ साली आला तेव्हा ते कार्टून नव्हतंच. खरी छोटी मॉडेलं रुळांवर चालवायचे, डोळे दुरून हलवायचे आणि राग-आनंद दाखवायला तोंडाचे मुखवटे बदलायचे. तुमच्या घरी नेब्युलायझरच्या वेळी जे झालं, ते वाचून मला तो गोवराचा मुलगा आठवला. आजारी लेकराला बापानं इंजिन दिलं, यात काही वावगं नाही.

आता ठाण्याचं. तुम्ही ज्या गावात राहता, तिथे इंजिनाचं वेड लागलं नाही तर कुठे लागणार? १६ एप्रिल १८५३ ला दुपारी साडेतीन वाजता बोरीबंदरहून गाडी निघाली ती आपल्या ठाण्यालाच आली. १४ डबे, ४०० माणसं, ३४ किलोमीटर. आणि ती ओढायला एक नाही, तीन इंजिनं. त्यांची नावं साहिब, सिंध आणि सुलतान. आजोबांना म्हणावं, थॉमसचे मित्र म्हणून या तिघांना घरात आणा. या गोष्टी कुठल्या मोबाइलवर नाहीत, त्यामुळे त्या आजोबांच्याच तोंडून ऐकाव्या लागतील. सुलतान जरा तापट, सिंधला पाण्याची भीती, साहिबला उशीर झालेला खपत नाही, असं काहीही लावा. मी माझ्या नातवाला दीड वर्ष हेच सांगितलं. सुलतान मुंब्र्याच्या खाडीत पाणी प्यायला उतरतो, ही त्याची सगळ्यात लाडकी गोष्ट.

वाफ कशी काम करते तेही दाखवा, कुकर लावताना. मुलाला ओट्यापासून लांब, आजोबांच्या कडेवर ठेवायचं. पाण्याची वाफ झाली की तिला दीड हजार पटींहून जास्त जागा लागते. ती कोंडली की जोर करते, कुकरची शिट्टी उचलते. इंजिनात हाच जोर दट्ट्या ढकलतो आणि दट्ट्या चाक फिरवतो. अडीच वर्षांच्या मुलाला दट्ट्या कळणार नाही. 'वाफेला बाहेर यायचंय, म्हणून ती ढकलते' एवढं मात्र पक्कं कळतं.

आणि त्याला स्टेशनवर न्या. रविवारी दुपारी, गर्दी नसताना. ठाण्याच्या १० नंबर फलाटावर जा, ट्रान्स-हार्बरच्या गाड्या तिथून सुटतात. वाशी-पनवेलकडून गाडी येते, इथे संपते आणि उलटी परत जाते. तेव्हा मोटरमन आपली बॅग घेऊन खाली उतरतो आणि सगळा फलाट चालत दुसऱ्या टोकाला जातो. पुढचे पांढरे दिवे विझतात, त्यांच्या जागी तांबडे लागतात, आणि जे शेपूट होतं ते तोंड होतं. एवढा मोठा खेळ फुकट बघायला मिळतो. पिवळ्या पट्टीच्या खूप आत उभे राहा, मुलाचा हात नाही, मनगट धरा. केबिनमध्ये चढू देत नाहीत, ते विचारूही नका, पण हात केला तर बहुतेक मोटरमन हात करतात. मुलांनी हात केला की आमच्या लोकांना बरं वाटतं, हे खरं सांगतो.

---

सोनटक्का | ५ जुलै, सायंकाळी ६:४८

काका, सुंदर लिहिलंत. मला एवढंच म्हणायचंय की हे सगळं करायला घरात आजी-आजोबा लागतात. आम्ही दोघंच, दोघांच्या नोकऱ्या, मी ठाणे ते अंधेरी रोज लटकत जाणारी. मला ॲप काढणं सोपं वाटलं कारण दुसरं काही करायला दिवसात जागाच नव्हती. तरी एक कबूल करते. माझ्या मुलाला त्याचा तो ॲपमधला ससा आठवतो अजून. 'तो कुठे गेला?' असं कधीतरी झोपताना विचारतो. माझ्याकडे उत्तर नसतं.

---

नेरूळची_आजी | ५ जुलै, रात्री ८:२०

सोनटक्का, सांग त्याला की ससा त्याच्या आजीकडे गेलाय, आणि तिथे काय करतोय ते मग त्यालाच विचार. झोपताना दोन मिनिटं लागतात बाळा, जास्त नाही. तुझी धावपळ मला दिसते गं.

---

भातुकली | ६ जुलै, सकाळी १०:११

लाडवांचं मला उत्तर मिळालं. भीमाचे लाडू म्हणून राजगिऱ्याचे लाडू केले, सुपारीएवढे. चार खाल्ले तरी चिंता नाही.

---

निळीजाई | २७ जुलै, रात्री ११:०५

मंडळी, उशिरा लिहितेय. मधे घरात तापाची साथ होती.

आधी पडद्याचं. आता मोबाइल नाही, टीव्ही. संध्याकाळी झोपून उठल्यावर दोन गोष्टी, साधारण वीस-पंचवीस मिनिटं, आणि आमच्यापैकी एक जण शेजारी. संपलं की बटण तो स्वतः दाबतो. पहिले दोन दिवस खूप रडला. तिसऱ्या दिवशी कमी. मग एका रविवारी नातेवाइकांकडे गेलो, तिथे कोणीतरी कौतुकानं फोन हातात दिला आणि दोन दिवस पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आता सावरलंय.

काका, आम्ही १० नंबरवर गेलो. मी, सासरे आणि पिल्लू. आदल्या दिवसापासून त्याला सांगून ठेवलं होतं की तोमाचे मित्र बघायला जायचंय. जिना उतरून फलाटावर आलो आणि पाच मिनिटांत गाडी आली. पिल्लू आजोबांच्या कडेवर होता, तो नुसता बघत राहिला. गाडी थांबली. त्याचा चेहरा हळूहळू बदलायला लागला. खालचा ओठ बाहेर आला. मला म्हणाला, 'तोंड नाई.'

माझ्या हे डोक्यातच आलं नव्हतं. त्याला वाटत होतं सगळ्या गाड्यांना तोंड असतं. काय सांगावं मला सुचेना. सासरे त्याला गाडीच्या पुढच्या बाजूच्या समोर घेऊन गेले, बऱ्याच अंतरावर उभे राहिले, आणि काही बोललेच नाहीत. पिल्लू काचेकडे बघतोय, खाली बघतोय. मग दिव्यांकडे बोट करून म्हणाला, 'दोळे.' सासरे म्हणाले, 'हो की.' मग तो वायपरकडे बघून म्हणाला, 'नाक.' तेवढ्यात दार उघडून मोटरमन उतरले, खांद्याला बॅग. पिल्लूनं हात केला. ते आमच्याजवळून जाताना थांबले नाहीत, पण चालता चालता दोन बोटं कपाळाला लावली. पिल्लू आजोबांच्या खांद्यावरून मान वळवून ते दिसेनासे होईपर्यंत बघत होता.

आम्ही त्याच गाडीनं ऐरोलीपर्यंत गेलो आणि परत आलो. दिघा गावाला गाडी थांबली तेव्हा तो खिडकीतून ओरडला, 'थांबली! तोमा थांबली! आता निघाली!' मी मोजलं नाही, पण मराठीत एवढं सलग तो आधी बोलला नव्हता. येताना आजोबांच्या मांडीवर झोपला, हातात तिकीट चुरगळलेलं.

डॉक्टरांनी पिल्लूला तपासलं, आमच्याशी बराच वेळ बोलले. एका कानात मळ आणि मागे थोडं पाणी आहे, औषध दिलंय, तीन आठवड्यांनी पुन्हा बोलावलंय. बाकी आत्ता काळजीचं दिसत नाही, पण तीन वर्षांचा झाला की पुन्हा बघू म्हणाले. पानगळ, तुम्ही कानांचं लिहिलं नसतंत तर मी विचारलंच नसतं. प्लेग्रुपच्या ताईंनाही जाऊन सांगितलं. आता त्या त्याला मुलांची रांग लावायला देतात, कारण रांग म्हणजे डबे. तो इंजिन, बाकीची मुलं मागून. रोज वेगळ्या मुलाला पुढे येऊ द्यायचं, हे मात्र त्याला अजून जमत नाही.

निळा टीशर्ट तसाच आहे. तिसरा आणलाय.

सुलतानची गोष्ट रात्रीची ठरलेली. सासरे रोज नवीन काहीतरी जोडतात. काल म्हणाले, सुलतान तलावपाळीवर बोटीत बसला. पिल्लू ताडकन उठून बसला. 'नाई आबा. सुतान मोठ्ठा. बोट बुडेल.' सासऱ्यांनी गोष्ट तिथेच दुरुस्त केली. आता सुलतान काठावर उभा राहून भेळ खातो.

काका, एक विचारायचं होतं. माथेरानची छोटी गाडी त्याला दाखवायचीय. पावसाळ्यात चालू असते का?

---

कळव्याचा_काका | २८ जुलै, सकाळी ६:१५

वाचून फार बरं वाटलं. आबांना माझा नमस्कार सांगा. वायपरला नाक म्हणणारा पोरगा मी आजवर ऐकला नव्हता. माझा नातू त्याला भुवई म्हणायचा.

माथेरानची गाडी १९०७ सालची आहे, दोन फुटी रूळ, २१ किलोमीटरचा घाट. पावसाळ्यात नेरळहून वर जाणारी गाडी बंद ठेवतात, दरडी येतात. अमन लॉज (माथेरानच्या आधीचं स्टेशन) ते माथेरान एवढी छोटी फेरी मात्र पावसातही चालवतात. टॅक्सीनं दस्तुरी नाक्यापर्यंत जा, अमन लॉज तिथून चार पावलांवर आहे. पण माझं ऐकाल तर आत्ता नको. कान दुखरा आहे, घाटात चढताना त्रास होईल, आणि त्याला खरी मजा नेरळपासूनच्या वळणांची. डॉक्टर तीन आठवड्यांनी बघणार आहेत ना, ते होऊ द्या. पाऊस संपून नेरळची गाडी सुरू झाली की मी इथे लिहितो. तिकिटं खिडकीवर मिळतात, लवकर रांग लावावी लागते. निळा टीशर्ट घालून आणा, वर स्वेटर. सकाळी तिथे गार असतं.